‘तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’



बारावीचे निकाल लागले, की माझ्या कार्यालयात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पालक पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवतात, मुलाला नमस्कार करायला लावतात आणि मग खुर्ची थोडी पुढे ओढून हळू आवाजात विचारतात, ‘‘मॅडम, तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’’ ‘तिथे’ म्हणजे कधी पुण्याचे कॉलेज असते, कधी पीथमपूरचा कारखाना, कधी सुपर कॉरिडॉरवरची संगणक कंपनी. प्रश्न मात्र तोच. माझ्या वडिलांनी तो माझ्यासाठी विचारला होता आणि मी माझ्या मुलासाठी.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपण इंदूरचे मराठी लोक ओळखीच्या आधारानेच इथे रुजलो. होळकरांबरोबर जी घराणी माळव्यात आली, त्यांच्यामागून त्यांचे भाचे, मेहुणे, गाववाले आले. नव्याने आलेल्याला कोणाच्या तरी वाड्यात एक खोली मिळे, कोणी तरी कचेरीत शब्द टाकी आणि संसार उभा राही. पुढे गिरण्या आल्या, बँका आल्या, सरकारी खाती वाढली. शब्द टाकण्याची रीत तीच राहिली. गणेशोत्सवाचा मांडव, चैत्रातले हळदीकुंकू, एखादे व्याख्यान किंवा गाण्याची बैठक, या ठिकाणी लोक एकमेकांना भेटत आणि बोलता बोलता कोणाच्या मुलीचे लग्न जमे, कोणाच्या मुलाची नोकरी.

पण ही ओळख सगळ्यांना मिळत नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांचा वाडा होता, ज्यांचे मामा-काका खुर्चीवर होते, त्यांना ती जन्मतः मिळे. आज आपल्या शाळेच्या हजेरीपटावर पाहिले, तर कोणाचे वडील वीजकाम करतात, कोणाची आई चार घरी पोळ्या करते, कोणाचे कुटुंब खरगोन-खंडव्याकडून गेल्या दहा वर्षांत आले आहे. कित्येक मुलांच्या घरी मराठी बोलतही नाहीत. या मुलांच्या वतीने शब्द कोणी टाकायचा? ओळख ही वारशाने मिळणारी वस्तू असेल, तर ज्याच्या घरी वारसा नाही त्याने काय करायचे? या प्रश्नाला आता एक नवे, अपुरे पण खरे उत्तर मिळू लागले आहे. त्याबद्दल आज लिहिते.

त्या उत्तराचे नाव आहे लिंक्डइन. पुष्कळ पालकांनी नाव ऐकले असेल. काहींना ते ‘नोकरीवाले फेसबुक’ वाटते. रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००३ साली हे संकेतस्थळ सुरू केले. २०१६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. २०२३ मध्ये भारतातल्या सभासदांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. अमेरिकेच्या खालोखाल सर्वांत जास्त सभासद आपल्या देशात आहेत. इथे प्रत्येकाचे एक पान असते. त्यावर शिक्षण, काम, येत असलेली कौशल्ये लिहायची. मग ज्यांना आपण ओळखतो त्यांच्याशी जोडून घ्यायचे. आपल्या ओळखीचा माणूस आणखी कोणाला ओळखतो, तेही दिसते. थोडक्यात, ‘तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’ हा प्रश्न मला न विचारता तिथे विचारता येतो आणि बहुधा उत्तरही मिळते.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने माझे खाते उघडून दिले. माझे सगळे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमात झालेले. समोरच्या इंग्रजी चौकटी पाहून मी नाव, शाळा आणि पद एवढेच भरले आणि ते पान बंद केले ते बंदच. मधल्या काळात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला तिथे निरोप पाठवला होता. ती इंजिनिअर झाली होती. ज्या कंपनीत तिने अर्ज केला होता तिथे आपलाच, तिच्या आधी आठ वर्षे शिकून गेलेला, एक विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर होता आणि तो माझ्याशी जोडलेला तिला दिसत होता. तिला नोकरी मागायची नव्हती. एवढेच हवे होते, की ‘ही आमच्या शाळेची मुलगी आहे, हिच्याशी दहा मिनिटे बोल’ असे मी त्याला लिहावे.

मी तो निरोप सात महिन्यांनी वाचला. ती जागा केव्हाच भरली होती. स्नेहसंमेलनाला ती आली तेव्हा मी क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही एरवी कोणाला नाही म्हणत नाही, म्हणून मला वाटलं माझंच काही चुकलं.’’ हे वाक्य मला अजून टोचते. तिचे वडील सांवेर रोडवर एका कारखान्यात फिटर होते. तिच्यासाठी शब्द टाकू शकेल अशी एकच व्यक्ती तिला सापडली होती आणि त्या व्यक्तीने दार उघडून पाहिलेच नाही.

शिक्षकाने टाकलेल्या एका शब्दाचे मोल काय असते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथून पंचवीस किलोमीटरच्या आत, महू येथे १८९१ साली झाला. पुढे मुंबईत ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक आणि लेखक होते. ते त्यांचे नातेवाईक नव्हते, जातीचे नव्हते, शेजारीही नव्हते. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिकनंतरच्या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यानंतर १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. बाबासाहेबांची बुद्धिमत्ता आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते. ते केळुसकरांनी दिले नाहीत. पण त्या बुद्धिमत्तेची खबर जिथे पोहोचायला हवी होती तिथे केळुसकर गुरुजींनी पोहोचवली. घरच्या गोतावळ्यातून ती तिथवर गेली नसती.

दूरच्या ओळखीचे हे महत्त्व समाजशास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते, की ज्याच्याकडून तुम्हाला बातमी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारा, असे सांगणारे शंभरात १७ देखील भरले नाहीत. सुमारे ५६ जणांनी अधूनमधून भेटणारा, तर २८ जणांनी क्वचितच भेटणारा, असे सांगितले. कारण विचार केला तर साधे आहे. आपला सख्खा मित्र जे ऐकतो तेच आपणही ऐकलेले असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांवर पाच वर्षे केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले, मात्र एका दुरुस्तीसह. अगदीच अनोळखी माणसाचा फारसा उपयोग होत नाही. थोडीशी दूरची, पण काही तरी समान धागा असलेली ओळख सर्वांत जास्त कामाला येते.

हा ‘समान धागा’ म्हणजे काय, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर आपली शाळा येते. एकाच फळ्यासमोर पंधरा वर्षांच्या अंतराने बसलेली दोन माणसे एकमेकांना ओळखत नसतात, पण परकीही नसतात. मधल्या सुट्टीतला तोच नळ, तेच प्रार्थनेचे मैदान. आपले माजी विद्यार्थी पुण्यात, बंगळुरूत, दुबईत, टोरोंटोत आहेत. आपल्याकडे त्यांचे काय आहे? दाखल्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेले जुने पत्ते, त्यातले निम्मे वाडे आता पाडलेले. वाड्यातल्या मुलांना मामा-काकांचे जे पाठबळ होते, ते आजच्या वीजकाम करणाऱ्याच्या मुलाला हे माजी विद्यार्थी देऊ शकतात. आपण फक्त ते दोघे एकमेकांना दिसतील अशी व्यवस्था केली पाहिजे.

आता विद्यार्थ्यांशी थोडे बोलते.

मुलांनो, या संकेतस्थळावर खाते उघडण्यासाठी वय १६ पूर्ण असावे लागते. तेव्हा आठवी-नववीच्या मुलांनी घाई करू नये. खोटी जन्मतारीख टाकून तर मुळीच नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि महत्त्वाकांक्षी आहे’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सगळेच तसे लिहितात. त्यापेक्षा, ‘विज्ञान प्रदर्शनासाठी पावसाचे पाणी मोजणारे यंत्र बनवले, चार महिने रोज नोंदी ठेवल्या’ असे एक वाक्य लिहा. ‘वडिलांच्या दुकानाचा हिशेब दोन वर्षे संगणकावर ठेवला’ हेही काम आहे. ते लिहायला संकोच कसला? श्रीनिवास रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या प्रा. हार्डींना पत्र लिहिले, तेव्हा आपण मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला २० पौंड पगाराचे कारकून आहोत हे त्यांनी लपवले नाही. सोबत आपली गणिते जोडली. आधी दोन प्राध्यापकांकडे त्यांची डाळ शिजली नव्हती. तिसऱ्याने ती गणिते वाचली आणि ओळखले. सगळेच रामानुजन नसतात. पण अनोळखी माणसाला लिहिताना आपले काम पुढे ठेवावे, हा धडा सगळ्यांसाठी आहे.

दुसरे, लिहिण्याची रीत. ‘सर प्लीज जॉब द्या’ असा निरोप कोणीही वाचून सोडून देतो. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘सर, नमस्कार. मी इंदूरला तुमच्याच शाळेत बारावीत आहे. तुम्ही वाहनांच्या डिझाइनमध्ये काम करता असे वाचले. या कामासाठी मेकॅनिकल घ्यावे की दुसरे काही, हे मला ठरवायचे आहे. सवडीने चार ओळी लिहिल्यात तर उपकार होतील.’ आपण कोण, धागा कोणता, विचारायचे काय आणि समोरच्याला किती वेळ द्यावा लागेल, हे सगळे यात आले. उत्तर आले तर त्याच दिवशी आभार माना. सहा महिन्यांनी, ‘तुमच्या सल्ल्याप्रमाणे प्रवेश घेतला’ हेही कळवा. उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा विचारा, त्यानंतर सोडून द्या आणि मनाला लावून घेऊ नका. समोरची व्यक्ती कदाचित माझ्यासारखी, पान बंद करून बसलेली असेल.

इंग्रजीची भीती मला माहीत आहे. मी ती भोगली आहे. आता हे संकेतस्थळ २०२१ पासून हिंदीत आणि २०२४ पासून मराठीतही वापरता येते. पण खरे सांगायचे तर मोठ्या कंपन्यांतली मंडळी इंग्रजीच वाचतात. त्यासाठी अलंकारिक इंग्रजी लागत नाही. सातवीच्या पुस्तकातली छोटी, शुद्ध वाक्ये पुरतात. ती आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकदा दाखवून घ्या.

तिसरे, सावधगिरी. पैसे भरल्याशिवाय नोकरी मिळणार नाही असे जो सांगतो तो ठग समजावा, त्याच्या पानावर कितीही मोठ्या कंपनीचे नाव असो. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कारणे वेगवेगळी असतात, खिसा आपलाच कापला जातो. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. घरचा पत्ता, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक पानावर टाकू नका. मुलींनी विशेष लक्षात ठेवावे, की कामाचे बोलणे सोडून कोणी खासगी चौकशा करू लागला तर उत्तर देण्याचे कसलेही बंधन नाही. त्याला ब्लॉक करा आणि घरी किंवा मला सांगा. पासवर्ड दुसरीकडे वापरलेला नसावा. याच संकेतस्थळावरून २०१२ मध्ये पासवर्ड चोरीला गेले होते आणि हा आकडा ११ कोटींहून जास्त खात्यांचा आहे, हे २०१६ मध्ये बाहेर आले.

आणखी एक रोग आहे आत्मस्तुतीचा. ‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे’ अशा सुरात तिथे लोक रोज काहीतरी कळवत असतात. इतरांचा आनंद पाहून आपण मागे पडलो असे वाटू लागते. ज्या दिवशी तसे वाटेल त्या दिवशी मोबाइल ठेवून अभ्यासाला बसावे. पाचशे ओळखी जमवल्या पण गणिताचा पाया कच्चा राहिला, तर त्या पाचशे जणांना आपण दाखवणार काय?

पालकांपैकी जे धंद्यात आहेत त्यांनाही दोन शब्द. ज्यांचा माल कारखान्यांना जातो, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, पॅकिंगचे सामान, संगणकाची कामे, त्यांना इथे उपयोग होईल. खरेदी खात्यात कोण आहे हे कळते, आपले काम फोटोसह दाखवता येते, दलालावाचून पहिले बोलणे होते. पण ज्यांचे केटरिंग आहे, शिलाईकाम आहे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आहेत, त्यांनी यापायी वेळ घालवू नये. त्यांचे गिऱ्हाईक गल्लीत आहे, त्याला व्हॉट्सॲप आणि शेजारणीचा शब्द पुरतो. वर सांगितलेल्या २०२२ च्या अभ्यासातही असेच आढळले, की संगणकाशी जोडलेल्या उद्योगांत दूरच्या ओळखी अधिक फळतात, इतर उद्योगांत जवळच्या.

आपल्या मंडळींपैकी एका ज्येष्ठांनी मला विचारले, ‘‘मॅडम, माणसे भेटून होते ती खरी ओळख. या काचेवरच्या ओळखीला काय अर्थ?’’ त्यांचे म्हणणे अर्धे मला पटते. काचेवर नुसते जोडून घेतले म्हणजे ओळख झाली नाही. ती टिकते भेटण्याने, शब्द पाळण्याने, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याने. पण भेटायचे कोणाला, हे आधी कळायला नको का? ज्यांना आमंत्रण असते त्यांना मांडवात भेटता येते. ज्यांना मांडवाचा रस्ताच माहीत नाही, त्यांच्यासाठी मी बोलते आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवते. शाळेचे अधिकृत पान तयार व्हावे, म्हणजे माजी विद्यार्थी कोठे व कोणत्या क्षेत्रात आहेत हे एकत्र दिसेल. अकरावी-बारावीला या विषयाच्या दोन तासिका असाव्यात. त्यांत पान कसे लिहावे आणि ठग कसा ओळखावा, दोन्ही शिकवावे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष दोन तास उघडा राहावा. आणि चौथी सूचना आपणा सर्वांसाठी, माझ्यापासून सुरू होणारी: शाळेच्या कोणत्याही मुलाचा निरोप आला, तर आठ दिवसांत उत्तर द्यायचे. ‘मला यात मदत करता येणार नाही’ हेही उत्तरच आहे. खोटी शिफारस कोणी मागू नये आणि मी करणारही नाही. जे काम मी डोळ्यांनी पाहिले, तेवढ्याचीच ग्वाही देईन. पण ती वेळेवर देईन.

मी आता दर शुक्रवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, ते पान उघडते. गेल्या महिन्यात त्या इंजिनिअर मुलीनेच आपल्या बारावीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दोन पानी उत्तर लिहिले. मला सात महिने लागले होते. तिने दुसऱ्या दिवशी लिहिले.

आपली,
प्राचार्या